गाडी वाजते तेव्हा पाय कुठे असतो?

नमस्कार श्रोतेहो.

गाडी मिस्त्रीकडे नेली की आपण सांगतो, "पुढून घरघर येतेय", "खालून काहीतरी खडखडतंय". आवाजांना आपल्याकडे शब्दांची कमी नाही. घरघर, खरखर, कुईकुई, टकटक, कडकड. पण गिअरच्या गाडीत नुसत्या या शब्दांवरून बिघडलेला भाग सापडत नाही. बेअरिंग क्लचचं असो, गिअर बॉक्सचं असो की चाकाचं, खराब झालं की ते घरघरच करणार. शिवाय आवाज लोखंडातून लांब जातो. गिअर बॉक्समधला आवाज गिअरच्या दांड्यातून वर चढतो आणि डॅशबोर्डमागे वाजल्यासारखा वाटतो. म्हणून आवाज कसला आहे हे ठरवण्याआधी तो केव्हा येतो ते बघा. क्लचवर पाय असताना की नसताना? गाडी उभी असताना की चालताना? ॲक्सिलरेटर दाबल्यावर की सोडल्यावर? एवढं नीट सांगितलंत, तर कोल्हापूरच्या उद्यमनगरातला चांगला मिस्त्री पहिला पान्हा योग्य ठिकाणी लावतो. नाही सांगितलंत, तर गिअर बॉक्स विनाकारण खाली उतरतो. आणि तो उतरवून चढवायची मजुरी बऱ्याचदा आतल्या बेअरिंगच्या किमतीपेक्षा जास्त भरते.

सुरुवात उभ्या गाडीपासून करू. सपाट जागा घ्या, हँडब्रेक पूर्ण ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा. बंद शेडमध्ये हे करू नका, धूर कोंडतो. इंजिन दहाएक मिनिटं चाललेलं असावं, कारण थंड गिअर ऑइल घट्ट असतं आणि काही आवाज दाबून ठेवतं. एसी आणि आतला पंखा बंद, काचा खाली.

आता क्लचवरून पाय पूर्ण काढा आणि ऐका. मग पाय पॅडलवर नुसता टेकवा, पायाच्या वजनाएवढाच. ऐका. मग क्लच तळापर्यंत दाबा, तीन-चार सेकंद धरा, ऐका. पुन्हा सोडा. हे तीन-चार वेळा करा.

यात आत काय घडतं ते डोळ्यांसमोर आणा. क्लच सोडलेला असतो तेव्हा इंजिनचं फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यात क्लच प्लेट घट्ट धरलेली असते. तिच्याबरोबर गिअर बॉक्सचा इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनची ताकद आत आणणारा शाफ्ट, फिरतो. म्हणजे गाडी जागेवर असली तरी अर्धा गिअर बॉक्स फिरत असतो. क्लच तळापर्यंत दाबला की प्लेट सुटते आणि इनपुट शाफ्ट काही सेकंदांत थांबतो. त्या वेळी गिअर बॉक्स गप्प असतो, पण प्लेट सोडवण्यासाठी प्रेशर प्लेटवर दाबलं जाणारं जे रिलीज बेअरिंग, त्याच्यावर पूर्ण दाब आलेला असतो.

म्हणून पाय काढल्यावर घरघर आणि क्लच दाबला की शांत, असं होत असेल तर संशय इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर किंवा त्याच्याशी जोडून फिरणाऱ्या गिअरच्या बेअरिंगवर. उलट, पाय काढला की शांत आणि पॅडलवर पाय ठेवला की खरखर किंवा कुईकुई सुरू, तर ते रिलीज बेअरिंग. नुसता पाय टेकवल्याबरोबर सुरू होणं ही त्याची खास खूण. काही गाड्यांत, विशेषतः हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचच्या, हे बेअरिंग कायम टेकलेलं असतं. तिथे उलटं दिसतं: पाय काढला की चिवचिव, जरासा टेकवला की बंद. बेअरिंग तेच, फक्त दाब मिळाल्यावर ते गप्प बसतं. तुमच्या गाडीचा क्लच केबलचा की हायड्रॉलिक, हे म्हणूनच आधी माहीत हवं.

तिसरी शक्यता थोडी अवघड आहे. गिअर टाकलेला, क्लच पूर्ण दाबलेला, गाडी उभी, आणि तेव्हाच बारीक किंकाळी येते. काही गाड्यांत, जास्त करून मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या, फ्लायव्हीलच्या मधोमध शाफ्टच्या टोकाला आधार देणारं छोटं पायलट बेअरिंग असतं. क्लच दाबल्यावरच शाफ्ट थांबतो आणि इंजिन फिरत राहतं, म्हणून ते बेअरिंग तेव्हाच काम करतं आणि तेव्हाच ओरडतं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत ते नसतंच, म्हणून तिथे त्याचा शोध घेऊ नये.

डिझेल गाडीवाल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. न्यूट्रलला आयडलिंगवर हलकी खडखड, क्लच दाबला की बंद, हे डिझेलमध्ये थोडंफार असतंच. इंजिनचे हिसके मोकळ्या गिअरच्या दातांपर्यंत पोचतात आणि दात एकमेकांवर आपटतात. पण ही खडखड महिन्या-दोन महिन्यांत वाढली असेल, तर क्लच प्लेटमधल्या स्प्रिंगा तुटल्या असतील, किंवा गाडीला दुहेरी फ्लायव्हील असेल तर ते झिजलं असेल.

आणि क्लचने आवाजात काहीच फरक पडला नाही, पण रेस केल्यावर तो वाढला, तर गिअर बॉक्सला हात लावू नका. बेल्ट, अल्टरनेटर, वॉटर पंप, एसीचा कॉम्प्रेसर हे बघा. एसी चालू-बंद करून एक वेगळा काढता येतो. सायलेन्सरवरचा उष्णता अडवणारा पत्रा सुटला असेल, तर ठरावीक रेसवर तो असा झणझणतो की माणूस इंजिन खोलायला निघतो. एका क्लिपचं काम असतं ते. बॉनेट उघडून ऐकताना ओढणी, उपरणं, सैल बाही बेल्टपासून लांब ठेवा.

आता गाडी चालवून बघू. पहाटेचा मोकळा, सपाट रस्ता निवडा. एका बाजूला लांब कुंपणभिंत असेल तर उत्तम. भिंतीवर आपटून परत येणारा आवाज खाली केलेल्या काचेतून स्पष्ट ऐकू येतो, आणि तो आपल्या बाजूचा की पलीकडचा हेही कळतं. शेजारी कोणाला तरी बसवा आणि लिहून घ्यायला सांगा.

ताशी ५० वर चौथ्या गिअरमध्ये चला. आवाज आला की तोच वेग ठेवून तिसरा टाका. इंजिनाचे फेरे वाढले, गाडीचा वेग तोच. आवाजाची पट्टी बदलली, तर तो इंजिन, क्लच किंवा इनपुट शाफ्टच्या बाजूचा. पट्टी तीच राहिली, तर तो चाकांच्या बाजूचा: डिफरन्शियल, ड्राइव्ह शाफ्ट, व्हील बेअरिंग, टायर. या एका चाचणीने अर्धी गाडी संशयातून सुटते. मग त्याच वेगात क्षणभर क्लच दाबून गाडी घरंगळू द्या. तरीही आवाज तसाच राहिला, तर चाकांच्या बाजूबद्दलचा संशय पक्का. हे फक्त सपाट, रिकाम्या रस्त्यावर करा. पन्हाळ्याच्या उतारावर किंवा गगनबावड्याच्या घाटात क्लच दाबून गाडी कधीही सोडू नका. इंजिनची ओढ गेली की सगळा भार ब्रेकवर पडतो. आणि चालत्या गाडीत इंजिन बंद करून तर मुळीच ऐकू नका. ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत संपते आणि स्टीअरिंगही लॉक होऊ शकतं.

फक्त एकाच गिअरमध्ये आवाज येत असेल, तर त्या गिअरचे दात किंवा त्याखालचं बेअरिंग. बोलेरो, ईको अशा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत चौथा गिअर साधारण थेट असतो. इनपुट शाफ्टमधून ताकद सरळ बाहेर जाते, खालच्या ले-शाफ्टवर, म्हणजे बाकीच्या गिअरना ताकद पोचवणाऱ्या जोडशाफ्टवर, भार येत नाही. म्हणून चौथ्यात शांत आणि बाकी सगळ्या गिअरमध्ये घरघर असेल, तर ले-शाफ्टची बेअरिंग बघायला सांगा. मागच्या क्राउन-पिनियनची, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद वळवणाऱ्या दातेरी जोडीची, खूण वेगळी आहे. ॲक्सिलरेटर दाबला की सूंऽऽ, सोडला की बंद, किंवा नेमकं उलट. दाताच्या एका बाजूवर भार येतो की दुसऱ्या, त्यावर ते ठरतं.

चाकांचं थोडक्यात. वेगाबरोबर वाढणारी विमानासारखी घूं घूं आली, तर ४० च्या वेगात रिकाम्या रस्त्यावर हलकेच डावी-उजवीकडे झुला. गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर उजवं व्हील बेअरिंग. डांबरी रस्ता सोडून काँक्रीटवर आल्यावर आवाजच बदलला, तर तो टायरचा. मैदानात स्टीअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरताना कटकटकट आलं, तर बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे वळलेल्या चाकाला ताकद देणारा ड्राइव्ह शाफ्टचा सांधा. चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसलं की समजा, रबरी बूट फाटलाय. बूट नुकताच फाटला असेल आणि कटकट सुरू झाली नसेल, तर बूट आणि ग्रीस बदलून जॉइंट वाचतो. माती आत गेली की वाचत नाही.

गिअर टाकताना होणारी खर्रर्र हा वेगळा विषय. फक्त दुसऱ्या किंवा तिसऱ्यात जाताना खरखरत असेल आणि बाकीचे गिअर गुळगुळीत पडत असतील, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर पडण्याआधी दोन्हींचा वेग जुळवणारी कडी, झिजली आहे. सगळेच गिअर अडत असतील, तर क्लच पूर्ण सुटत नाही. त्याची परीक्षा सोपी आहे. उभ्या गाडीत क्लच दाबा, मनात दहापर्यंत मोजा, मग रिव्हर्स टाका. दहा सेकंदांत शाफ्ट थांबायलाच हवा. तरी खर्रर्र झालं, तर क्लच चिकटतोय. केबल सैल असेल, किंवा हायड्रॉलिकमध्ये हवा असेल, किंवा क्लचचा सिलिंडर गळत असेल. क्लचचं तेल कमी झालंय का ते आधी बघा. अनेक गाड्यांत ते ब्रेकच्याच डब्यातून येतं. रिव्हर्सला बहुधा सिंक्रो रिंग नसते, म्हणून घाईने टाकल्यावर एखाद्या वेळी खरखर झाली तर तो बिघाड मानू नये. क्लच दाबून तीन-चार सेकंद थांबा.

आता ऑइल. खरं तर गिअर बॉक्स उघडण्याआधी याच्यापासून सुरुवात व्हायला हवी, आणि नेमकं हेच वगळलं जातं. इंजिन ऑइल सगळे बदलतात, गिअर ऑइलचं नाव काढत नाहीत. छोट्या गाडीच्या गिअर बॉक्समध्ये साधारण दोन लिटर ऑइल असतं. बहुतेक गाड्यांत त्याला मोजपट्टी नसते. बाजूला एक लेव्हल प्लग असतो. गाडी चारही बाजूंनी सपाट उचलून तो खोलायचा. ऑइल भोकाच्या खालच्या काठापर्यंत हवं. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, आधाराच्या लोखंडी घोड्या लावा. आणि ऑइल बदलायचं असेल तर आधी वरचा प्लग सैल करा, मग खालचा. वरचा जाम निघाला आणि खालून ऑइल सांडलेलं असलं, तर गाडी जागेवरच अडकते.

खालच्या प्लगला बहुधा लोहचुंबक असतं. त्यावर करड्या मलमासारखा लेप असेल तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा सापडला, तर गिअर बॉक्स उघडावाच लागेल. ऑइलमध्ये सोनेरी चकाकी दिसली तर सिंक्रो रिंगचं पितळ झिजतंय. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्यांना हे सांगायला नको. लेथच्या हेडस्टॉकमधलं तेलही असंच बोलतं.

ऑइल पुस्तिकेत लिहिलेलंच भरा. गिअर ऑइलचा दर्जा जीएल-४ लिहिला असेल तिथे "भारी आहे" म्हणून जीएल-५ घालू नका. जीएल-५ मागच्या क्राउन-पिनियनसाठी ठीक. सिंक्रो रिंगला मात्र घर्षणाचीच गरज असते, आणि त्यातली काही रसायनं पितळेला बाधतात. जास्त भरणंही वाईट. फेस येतो आणि ऑइल सील गळू लागतं.

दुधाळ ऑइल म्हणजे पाणी. हे आपल्या जिल्ह्यात खास सांगायला हवं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात किती गाड्या पाण्यात उभ्या होत्या ते आपण पाहिलंय. पण त्याला महापूरच लागत नाही. पंचगंगेचं पाणी रस्त्यावर आलं आणि गरम गाडी त्यातून घातली, की गिअर बॉक्स एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि हवा ये-जा करायच्या ब्रीदरच्या भोकातून पाणी ओढलं जातं. इंजिन नीट चालतं, म्हणून आपण निर्धास्त राहतो. पाणी बेअरिंगच्या पोलादावर बसून राहतं, तिथे गंजाचे बारीक खड्डे पडतात, आणि घरघर दिवाळीच्या सुमाराला सुरू होते. गाडी पाण्यातून गेली असेल तर त्याच आठवड्यात गिअर ऑइल खाली काढून बघा.

शेवटी, गिअर बॉक्स उतरवायची वेळ आलीच तर. रिलीज बेअरिंगसाठी तो उतरला असेल, तर क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेटची झीज तिथेच बघून घ्या. प्लेट रिव्हेटच्या जवळ आली असेल तर पूर्ण सेट घाला. तीच मजुरी पुन्हा भरावी लागत नाही. फ्लायव्हीलच्या मागचं इंजिनचं ऑइल सील ओलं आहे का ते बघायला सांगा, नाहीतर नवी प्लेट तेलाने भिजते. जुनं बेअरिंग मागून घ्या आणि हातात धरून फिरवा. त्याची खरखर बोटांना लागेल. नवं रिलीज बेअरिंग टिकवायचं असेल तर ताराराणी चौकात सिग्नलला गाडी न्यूट्रल करून क्लचवरून पाय काढा, आणि उसाच्या ट्रॉलीमागे अर्ध्या क्लचवर सरकत राहू नका. ट्रॉलीला थोडं पुढे जाऊ द्या, मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून चला. गाडी ताब्यात घेताना गिअर बॉक्समध्ये ऑइल किती आणि कोणतं भरलं ते बिलावर लिहून घ्या, आणि घरी नेण्याआधी मिस्त्रीला शेजारी बसवून तीच क्लचची चाचणी पुन्हा करा.

नमस्कार.