नाताळची चांदणी आणि बंद पडलेली माळ

नमस्कार मंडळी. थंडी पडलीय, हुरडा सुरू झालाय, पोरांना नाताळची सुट्टी लागलीय, म्हणजे आता घरोघरी एकच रड, "पप्पा, कुठंतरी चला की ओ." आता दरवेळी पुणं-मुंबई कुठनं परवडणार, म्हणून म्हटलं आज आपल्या सोलापुरातल्या सोलापुरातच फिरायचं बोलू.

आमच्या गल्लीत एक ख्रिस्ती मावशी राहतात. डिसेंबर अर्धा सरला की त्यांच्या दारात चांदणी लागते, कामट्यांची, रंगीत कागदाची, आत बल्ब, म्हणजे आपल्या दिवाळीच्या आकाशकंदिलाची सख्खी बहीणच बघा. मागच्या वर्षी त्यांची जुनी बल्बची माळ बंद पडली. ह्या जुन्या माळांची गंमत अशी की 6 व्होल्टचे चाळीसेक बल्ब एकामागं एक जोडून आपल्या 230 व्होल्टवर चालवतात, त्यामुळं एक गेला की अख्खी माळ अंधारात. मी स्टुलावर बसून एकेक बल्ब काढून बघतोय, पोरगी मोजतीय, मावशी मधेच चकलीची ताटली सरकवतायत, आणि सत्ताविसावा बल्ब बदलला तेव्हा माळ पेटली! पोरीनं जी किंकाळी फोडली ना, समोरचे आजोबा गॅलरीत आले काय झालं म्हणून.

नाताळच्या झाडावर विजेचे दिवे लावायची ही हौस तशी 1882 ची. न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे भागीदार एडवर्ड जॉन्सन ह्यांनी घरातल्या झाडावर 80 बल्ब लावले होते, लाल, पांढरे आणि निळे. त्याआधी लोक झाडावर चक्क मेणबत्त्या लावायचे, विचार करा, वाळत आलेल्या झाडावर!

आणि मला सगळ्यात आवडतं ते अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलायनामधलं मॅकॅडनव्हिल. एवढंसं गाव, तेही आपल्यासारखंच सूतगिरणीचं. 1956 साली तिथल्या पुरुषांच्या मंडळानं 9 झाडांवर दिवे लावले आणि आता शेकडो झाडं उजळतात, लांबलांबनं लोक गाड्या घेऊन येतात, बघायला तिकीट नाही. आपली जुनी मिल 1877 ची, आपले भोंगे कधीच थांबले, पण लायटिंगची हौस आपल्याकडंबी काय कमी नाही, गड्ड्याला, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वरच्या यात्रेला, तळ्यात देवळाचे दिवे उतरतात ते बघून घ्या म्हणजे कळेल.

तर बेत असा करा. सकाळी ओळखीतल्या कुणाच्या तरी शेतात हुरड्याला जावा, शेंगाची चटणी आणि दही घरनंच न्या. जाता येता हिप्परग्याच्या तलावावर थांबलात तर थंडीतले पाहुणे पक्षी दिसतील, पोरांना दुर्बीण द्या म्हणजे मोबाईल मागणार नाहीत, निदान अर्धा तास. अंधार पडला की रंगभवनच्या बाजूला चर्चची लायटिंग बघायला. गाडी लांब लावा आणि चालत जावा, गर्दीत गाडी घातली तर दिवे कमी आणि हॉर्नच जास्त. आत उपासना चालू असेल तर पोरांना जरा गप्प बसवा, फ्लॅश मारत सुटू नका. गव्हाणीचा देखावा असतो, त्यातली मेंढरं मोजायला सांगा, लहान पोरं तिथनं हलत नाहीत.

स्वेटर आणि कानटोपी विसरू नका, तळ्याकडचा वारा झोंबतो.

आमच्या मावशींची चांदणी मात्र 25 ला उतरत नाही. पोरीनं विचारलं तर म्हणाल्या, "गड्डा झाल्यावर काढू की गं, तोवर लोक येतायत तर दारात उजेड राहू दे."