फुटपाथ ते सदनिका: घर अडतं कुठे?

[दृश्य: भायखळा, सकाळ. गोदामाच्या भिंतीला टेकलेल्या झोपड्या.]

जुलै 1981. मुंबईतल्या फुटपाथवरच्या झोपड्या तोडून माणसांना गावी धाडायचं, असं मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं. भर पावसात तोडकाम सुरू झालं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 10 जुलै 1985 ला सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला: उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पण फुटपाथ अडवण्याचा हक्क कुणालाच नाही, आणि पावसाळा सरल्यावर नोटीस देऊन झोपड्या काढता येतील. पर्यायी जागा कुणाला? 1976 च्या गणनेत ज्यांची नोंद झाली होती, त्यांना.

मेख इथेच होती. ती गणना मुख्यतः झोपडपट्ट्यांची. फुटपाथवरची बहुतेक कुटुंबं तिच्यात आलीच नव्हती. म्हणून 1985 मध्ये ‘स्पार्क’ या संस्थेने भायखळ्याचा ई विभाग आणि काही मोठे रस्ते पायी पालथे घालून स्वतंत्र मोजणी केली. सुमारे 6,000 कुटुंबं, 27,000 माणसं. पुढे या कुटुंबांतल्या बायकांनी ‘महिला मिलन’ ही संघटना उभी केली, रोज थोडे थोडे पैसे साठवले, साडीच्या लांबीने खोलीची मापं काढली. पोटमाळा निघावा म्हणून 14 फूट उंचीची खोली त्यांनीच सुचवली. मापाच्या बाबतीत त्या पुष्कळशा सरकारी नकाशांपेक्षा शहाण्या होत्या.

[दृश्य: पत्र्याची पेटी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रं.]

1995 च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत फुटपाथवरच्या झोपड्याही धरल्या गेल्या. तेव्हाची पात्रतेची तारीख 1 जानेवारी 1995, नंतर 1 जानेवारी 2000. त्यानंतर 1 जानेवारी 2011 पर्यंतच्या झोपडीधारकांना अडीच लाख रुपये भरून घर, असं 2023 मध्ये ठरलं. पात्र नावांची यादी म्हणजे परिशिष्ट-2. तीत नाव यायला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: ठरलेल्या तारखेआधी तुम्ही त्या जागी होतात, आणि आजही तिथेच आहात.

झोपडपट्टीत हे जमून जातं. फुटपाथवर पालिकेची गाडी येते, झोपडी मोडते, सामान उचलून नेते आणि रेशनकार्डाची पेटीही त्यातच जाते. कुटुंब दोन दिवसांनी पन्नास पावलांवर पुन्हा ताडपत्री बांधतं, पण भिंतीवर रंगवलेला सर्वेक्षणाचा क्रमांक मागेच राहतो. सर्वेक्षक दुपारी आला तर घरात कुणी नसतं. शेरा पडतो ‘बंद’. मतदार यादीत ‘शेख’, रेशनकार्डावर ‘शेक’, एवढ्यावरही नाव लटकतं.

यावर चालणारे उपाय साधे आहेत. झोपडीसमोर उभ्या कुटुंबाचा फोटो, मागे ओळखू येईल अशी इमारत किंवा विजेचा खांब. कागदांच्या प्रती संस्थेकडे. आणि मतदार नोंदणी. बेघर माणसाकडे पत्त्याचा पुरावा नसला तरी नोंदणी होते: मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री येऊन तो खरंच तिथे झोपतो का, हे पाहतो. घर द्यायला निघालेल्या योजनेने ही पद्धत उचलायला काय हरकत होती, कळत नाही.

[दृश्य: मानखुर्द, इमारतींमधली अरुंद गल्ली.]

फुटपाथवर इमारत उभी राहत नाही. म्हणजे या कुटुंबांना घर मिळतं ते दुसरीकडे, बहुधा मानखुर्द-गोवंडीच्या पट्ट्यात. भायखळ्यात धुणंभांडी करणाऱ्या बाईला कुर्ल्याला गाडी बदलून यायचं तर सकाळी सातचं काम सुटतं. पुनर्वसनाचं घर आधी 225 चौरस फुटांचं होतं, मग 269, आता 300. नवरा-बायको दोघांच्या नावावर. हा नियम चांगला.

मानखुर्दच्या नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतीत 59 इमारती आहेत, त्यातली अंतरं जेमतेम 3 मीटर. 2018 मध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या अभ्यासात इथे आणि शेजारच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये क्षयरोग जास्त आढळला, त्यातही खालच्या मजल्यांवर. जिथे ऊन आणि वारा पोचत नाही, तिथे.

[दृश्य: बंद लिफ्ट. जिन्यात पाण्याचे कॅन.]

चावी हातात आली की खर्च सुरू होतो. देखभालीसाठी विकासकाने दर घरामागे 20,000 रुपये ठेवायचे, असा जुना नियम, नंतर 40,000. 6 टक्के व्याज धरा: 40,000 वर महिन्याला 200 रुपये, 20,000 वर 100. त्यात लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, झाडूवाला, टाकीची सफाई. भागत नाही. सोसायटीची नोंदणी रखडली तर तेवढंही हाती येत नाही.

मोडतोडीचा क्रम ठरलेला असतो. आधी पंप जळतो, दुरुस्तीला वर्गणी काढावी लागते. मग लिफ्ट बंद पडते आणि वरच्या मजल्यांवरचे मेंटेनन्स देणं थांबवतात. सामायिक मीटरचं बिल थकतं, वीज कापली जाते आणि पाणी पुन्हा डोक्यावरून वर न्यावं लागतं. सातव्या मजल्यावरची म्हातारी माणसं खाली उतरणंच सोडतात. मग कुटुंब घर भाड्याने देऊन जुन्या कामाजवळ परततं आणि लोक म्हणतात, ‘यांना घर दिलं तरी विकतात’.

[दृश्य: रात्र, रेल्वे स्थानकाबाहेर झोपलेली माणसं.]

झोपडीही नसलेला एकटा माणूस या हिशेबात येतच नाही. त्याच्यासाठी निवारागृह. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष असा होता: शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे एक कायम निवारा, 50 ते 100 माणसांचा, माणशी किमान 50 चौरस फूट. 2011 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख, म्हणजे 124 निवारे. सगळे बांधले, सगळे भरले, तरी 12,400 माणसं. त्याच जनगणनेत, 28 फेब्रुवारीच्या एका रात्री मोजलेले बेघर 57 हजारांवर होते.