ऑर्कनी: फरशीची घरं आणि फिरता दिवा

श्रोतेहो, नमस्कार. स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे ऑर्कनी बेटं आहेत. झाडं तिथे नावापुरतीच. दगड मात्र मोठा सोयीचा: थराथरांचा, पाचर ठोकली की सपाट फरशी सुटते. अश्मयुगातल्या माणसाने त्याचीच घरं बांधली. पापा वेस्ट्रे बेटावर नॅप ऑफ हॉवरची दोन घरं आहेत, इसवी सनापूर्वी सुमारे ३७०० मधली. स्कारा ब्रे त्यानंतरचं, ३१०० च्या आसपासचं. तिथली घरं चक्क उकिरड्यात रुतवलेली आहेत. शिंपले, हाडं, राख यांचा मुरलेला थर भिंतींना बाहेरून टेकू देतो आणि वाराही अडवतो. पलंग, मांडणी, सगळं फरशीचं. दाराला दगडी झडप, आणि आडणा सरकवायची भोकं आजही शाबूत. जमिनीत बसवलेल्या दगडी पेट्यांचे सांधे चिकणमातीने लिंपलेले आहेत. गळाला लावायचे शिंपले त्यात ओले ठेवत असावेत.

ही बेटं वस्तीला चांगली, जहाजांना वाईट. नॉर्थ रोनाल्डसे तर इतकं सखल, की दिसेपर्यंत उशीर झालेला असायचा. बंगालहून माल घेऊन परतणारं ‘स्वेसिया’ हे स्वीडिश जहाज १७४० साली तिथेच खडकावर फुटलं.

१७८९ मध्ये थॉमस स्मिथने तिथे दीपगृह उभारलं. तेलाचे दिवे, आणि मागे प्लास्टरच्या खोलगट साच्यात बसवलेले आरशाचे तुकडे. वात जरा वर राहिली की आरशावर काजळी धरणार आणि उजेड मंदावणार. खरी अडचण वेगळीच होती. दिवा स्थिर, त्यामुळे लांबून तो एखाद्या जहाजाचाच वाटायचा. म्हणून १८०६ मध्ये शेजारच्या सँडे बेटावर, स्टार्ट पॉइंटला, स्कॉटलंडमधला पहिला फिरता दिवा लागला. असे दिवे हळूहळू खाली उतरणाऱ्या वजनावर फिरत. ते वजन पुन्हा वर ओढायला रखवालदाराने रात्रभर जागायचं. १८०९ मध्ये जुना दिवा मालवला. तो मालवायला नको होता, असं माझं मत. कारण नॉर्थ रोनाल्डसेचे खडक होते तिथेच होते. १८५४ मध्ये तिथे पुन्हा दीपगृह आलं, ४२ मीटर उंच, आणि एवढा दगड हाताशी असताना विटांचं! दिवसा ओळखू यावं म्हणून १८८९ मध्ये त्यावर दोन पांढरे पट्टे दिले.

स्टार्ट पॉइंटला पायी जायचं तर आधी ओहोटीची वेळ बघा. भरतीत वाट बुडते. दीपगृहाजवळच माउंट मेझरी हे अश्मयुगीन थडगं आहे, तेही चुकवू नका.