जुनी गाडी दान करताय? ‘फ्री पिकअप’च्या मागचा हिशेब बघून घ्या

नमस्कार मंडळी!

ड्राइव्हवेच्या कडेला एक जुनी गाडी उभी आहे. बॅटरी उतरलीय, इन्स्पेक्शन संपलंय आणि मेकॅनिकने दुरुस्तीचा आकडा सांगितल्यापासून घरात तो विषय कुणी काढत नाही. अशात एक दिवस रेडिओवर जाहिरात लागते. गाडी दान करा, आम्ही दारातून फुकट उचलून नेऊ, टॅक्समध्येही सूट मिळेल. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी ही जाहिरात ऐकलेली आहे, आणि फोन करून मोकळे झालेलेही पुष्कळ आहेत.

गाडी दान करणं मला मनापासून पटतं. पण तुमच्या गाडीतून कुणाचं किती भलं होणार, हे तुम्ही ती कुणाच्या हाती देता त्यावर ठरतं. आणि ती निवड आपण बहुतेक वेळा करतच नाही, जाहिरातच आपल्यासाठी करते.

फ्री पिकअपपासून सुरुवात करूया. टो ट्रकवाला फुकट येत नाही. त्याचे पैसे तुमच्या खिशातून जात नाहीत इतकंच, गाडी विकून जे येतं त्यातून ते जातात. शिवाय ज्या संस्थेचं नाव ऐकून तुम्ही फोन करता, तिच्या ऑफिसात तो फोन बहुतेक वेळा वाजतच नाही. तो जातो गाड्या गोळा करणाऱ्या एका मधल्या कंपनीकडे. टो ट्रक तीच पाठवते, कागदपत्रं तीच करते आणि गाडी ऑक्शनला किंवा भंगारवाल्याकडे तीच पाठवते. टोइंग, ऑक्शनची फी, जाहिरात असं सगळं वजा झाल्यावर जे उरतं, त्याची करारात ठरल्याप्रमाणे वाटणी होते. यात बेकायदेशीर काही नाही. लहान संस्थेला स्वतःचा टो ट्रक आणि गाड्या ठेवायला मैदान परवडणार कसं? कंपनी मध्ये असणं हा दोष नाही. तिचा वाटा किती, हे मात्र विचारायला हवं.

वाटा किती वाढू शकतो बघा. अमेरिकन काँग्रेसची हिशेबतपासनीस यंत्रणा, म्हणजे जीएओ, हिने २००३ साली गाड्यांच्या दानावर एक अहवाल काढला. त्यात १९८३ सालच्या एका ट्रकचं उदाहरण आहे. तो विकला गेला ३७५ डॉलरला. खर्च वजा झाला, कंपनीचा वाटा गेला आणि संस्थेच्या हातात पडले साडेएकतीस डॉलर. त्याच अहवालात ५४ गाड्यांचा माग काढला होता. त्यातल्या साधारण दोन तृतीयांश गाड्यांच्या बाबतीत, दात्याने टॅक्स रिटर्नमध्ये जी किंमत लावली होती तिच्या पाच टक्के किंवा त्याहूनही कमी रक्कम संस्थेपर्यंत पोचली होती. काही अंशी याचं कारण असं, की त्या काळी लोक जुन्या गाड्यांचे भाव देणाऱ्या गाइडमधली चांगली किंमत बघून तीच लावायचे, गाडी प्रत्यक्षात कितीही खिळखिळी असो.

म्हणून फोनवर विचारा: विक्रीच्या रकमेतले किती टक्के संस्थेला मिळतात? आणि लगेच पुढचा प्रश्न: हे टक्के एकूण रकमेवर, की खर्च वजा करून उरलेल्या रकमेवर? खरी मेख इथे आहे. गाडी ५०० डॉलरला गेली आणि खर्च ३०० दाखवला, तर ‘८० टक्के संस्थेला’ म्हणजे १६० डॉलर. जाहिरातीत दिसतं ८० टक्के, प्रत्यक्षात पोचतं एक तृतीयांशापेक्षा कमी. हे ज्याला माहीत असतं तो सरळ आकडा सांगतो. समोरचा गोलगोल बोलायला लागला, तर ‘विचार करून कळवतो’ म्हणा आणि फोन ठेवा.

फोन करायच्या आधी पाच मिनिटं घरी बसून बघता येतील अशाही दोन गोष्टी आहेत. आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं आयकर खातं, त्यांच्या वेबसाइटवर ‘टॅक्स एक्झेम्प्ट ऑर्गनायझेशन सर्च’ आहे. संस्थेचं नाव टाका आणि ती खरोखर ५०१(सी)(३), म्हणजे जिला दिलेल्या दानावर सूट मिळते अशी धर्मादाय संस्था आहे का ते बघा. कारण ‘नॉनप्रॉफिट’ म्हणवणाऱ्या प्रत्येक संस्थेला दिलेल्या दानावर सूट मिळतेच असं नाही. आणि संस्थेचा फॉर्म ९९०, म्हणजे ती आयआरएसला दरवर्षी देते तो हिशेब, उघडा. त्यात ‘शेड्यूल एम’ असतं, वर्षभरात दान म्हणून आलेल्या गाड्या तिथे दाखवलेल्या असतात. निधी गोळा करायला बाहेरची कंपनी नेमली असेल, तर तिला काय दिलं ते ‘शेड्यूल जी’मध्ये सापडतं. कागद रटाळ आहेत खरे, पण जाहिरातीपेक्षा जास्त बोलतात.

आता मला सगळ्यात जवळचा वाटणारा भाग.

तुमची गाडी अजून चालत असेल, थोड्या दुरुस्तीने आणखी काही वर्षं पळणार असेल, तर ती ऑक्शनला पाठवूच नका असं मी म्हणेन. गाडी विकण्याऐवजी ती दुरुस्त करून गरजू कुटुंबाला देणाऱ्या संस्था इथे आहेत. व्हर्मॉन्टमध्ये ‘गुड न्यूज गॅरेज’ १९९६ पासून हे काम करतंय. मेरीलँडमध्ये ‘व्हेइकल्स फॉर चेंज’ आहे. तिथे तुरुंगातून बाहेर आलेल्या लोकांना मोटार दुरुस्ती शिकवतात. दानात आलेल्या गाड्यांवर ते हात बसवतात आणि त्या गाड्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडेल अशा किमतीत दिल्या जातात. म्हणजे एकाच गाडीने एकाच्या हाताला कसब दिलं आणि दुसऱ्याच्या दारात वाहन आलं.

आपण आलो तेव्हाचे दिवस आठवा. गाडी नसली की दुधाची पिशवी आणायलासुद्धा कुणाला तरी फोन करावा लागायचा. आता विचार करा, एखादी बाई नर्सिंग होममध्ये पहाटेच्या शिफ्टला जाते, वाटेत पाळणाघरात मूल सोडते, आणि त्या गावात बस सात वाजता सुरू होते. तिच्या नोकरीचा प्रश्न तुमच्या २००९ सालच्या सेडानने सुटतो. ऑक्शनमधून आलेल्या शंभर-दोनशे डॉलरने तो सुटत नाही. तुमच्या राज्यात अशी संस्था आहे का, हे आधी शोधा. त्यांच्याकडेही पिकअप असतं, फक्त तारीख थोडी लांबची मिळू शकते. थांबा, काही बिघडत नाही.

टॅक्सकडे वळूया. गैरसमज इथेच सगळ्यात जास्त आहेत.

२००४ साली कायदा बदलला आणि २००५ पासून नियम असा झाला: ५०० डॉलरपेक्षा जास्त सूट मागायची असेल, तर साधारणपणे संस्थेने गाडी जितक्याला विकली तितकीच सूट. केली ब्लू बुक या भावांच्या गाइडमध्ये ३,००० दिसत असतील आणि गाडी ऑक्शनला ९०० मध्ये गेली असेल, तर तुमचा आकडा ९००. गाडी ५०० किंवा त्याहून कमी किमतीत गेली, तर ५०० डॉलर किंवा गाडीची खरी बाजारभावाची किंमत, यातलं जे कमी असेल ते धरायचं.

पूर्ण बाजारभाव धरता येतो तो मोजक्या वेळी. संस्था ती गाडी स्वतःच्या कामात भरपूर वापरणार असेल, तिच्यात मोठी सुधारणा करणार असेल, किंवा आपल्या कार्याचा भाग म्हणून गरजू माणसाला फुकट अगर बाजारभावापेक्षा खूप स्वस्तात देणार असेल, तेव्हा. म्हणजे ज्या संस्थांचं मी आत्ता कौतुक केलं त्यांना गाडी दिली, तर सूटही बहुधा जास्त मिळते. सूट ५,००० च्या वर जाणार असेल, तर अशा वेळी लेखी मूल्यांकन करून घ्यावं लागतं. तेवढी चांगली गाडी असली, तर आधी सीपीएशी बोला.

आणि सूट म्हणजे तेवढे पैसे परत नव्हेत, हो! ९०० ची सूट, तुम्ही २२ टक्क्यांच्या ब्रॅकेटमध्ये, म्हणजे वाचले जास्तीत जास्त १९८ डॉलर. तेही तुम्ही आयटमाइझ करत असाल, म्हणजे रिटर्नमध्ये एकेक वजावट वेगळी दाखवत असाल तरच. नाहीतर सरसकट ठरलेली वजावट मिळते, ती म्हणजे स्टँडर्ड डिडक्शन. २०२५ साली ते होतं एकट्यासाठी १५,७५० आणि नवरा-बायको मिळून रिटर्न भरत असाल तर ३१,५०० डॉलर. घराचं व्याज, राज्याचे कर, देणग्या हे सगळं मिळून त्या आकड्यापलीकडे जात नसेल, तर गाडीच्या दानाने तुमच्या टॅक्समध्ये एक डॉलरही कमी होणार नाही. तरीही दान करावं. फक्त ते दान म्हणून करावं.

यातच २०२६ पासूनचा एक बदल लक्षात घ्या. आयटमाइझ न करणाऱ्यांनाही आता देणगीवर थोडी सूट आहे, एकट्याला १,००० आणि जोडप्याला २,००० डॉलरपर्यंत. पण ती फक्त रोख देणगीवर, म्हणजे चेक, कार्ड वगैरे. वस्तूवर नाही, गाडीवर नाही. म्हणून गाडी दोन हजारांना सहज विकली जाण्यासारखी असेल, तर स्वतः विका आणि त्या पैशांचा चेक संस्थेला द्या. मधला सगळा खर्च वाचतो, संस्थेला पूर्ण रक्कम मिळते, आणि तुम्हाला सूटही मिळू शकते. लोक घरी येणार, टायरला लाथ मारून बघणार, भाव पाडणार, ही कटकट आहे. ज्याला झेपेल त्याने जरूर करावी.

आता टायटल. इथे घाई करू नका.

(टायटलचा नमुना कॅमेऱ्यासमोर धरून)

हा कागद म्हणजे गाडीची मालकी. मागच्या बाजूला विकणाऱ्याची सही असते आणि खाली किंवा शेजारी नव्या मालकाचं नाव लिहायची जागा असते. काही जण सांगतात, ‘तुम्ही फक्त सही करा, नाव आम्ही नंतर भरू.’ नाही. तिथे संस्थेचं, किंवा तिने लेखी नेमलेल्या कंपनीचं नाव तुमच्यासमोर लिहिलं गेलं पाहिजे. मायलेज आणि तारीखसुद्धा. ती जागा कोरी राहिली, तर गाडी हातोहात फिरते, आणि सरकारदरबारी मालक तुम्हीच. मग कुणाच्या तरी पार्किंगची दंडाची पावती, टोलचं बिल, क्वचित अपघाताची नोटीस तुमच्या पत्त्यावर येते. दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा.

टायटलवर नवरा-बायको दोघांची नावं असतील आणि मध्ये ‘अँड’ असेल, तर दोघांच्या सह्या लागतात. पेनसिल्व्हेनिया, ओहायो, नॉर्थ कॅरोलायना अशा काही राज्यांत ही सही नोटरीसमोर करावी लागते. तिथे घरी आधीच सही करून ठेवलीत तर पंचाईत होईल. गाडीवर कर्ज होतं आणि ते फिटलं असेल, तर बँकेचं लीन रिलीजचं, म्हणजे गाडीवरचा हक्क सोडल्याचं पत्र शोधून ठेवा.

त्यानंतर राज्याला कळवणं. कॅलिफोर्नियात पाच दिवसांच्या आत डीएमव्हीला, म्हणजे राज्याच्या वाहन खात्याला, ‘नोटीस ऑफ ट्रान्सफर अँड रिलीज ऑफ लायबिलिटी’ द्यायची असते. ती ऑनलाइन भरता येते. नंबरप्लेटचा नियम राज्याराज्यात वेगळा आहे. कॅलिफोर्नियात नेहमीच्या प्लेट्स गाडीबरोबर जातात. न्यू यॉर्कमध्ये त्या काढून डीएमव्हीला परत करायच्या, आणि इन्शुरन्स त्यानंतरच बंद करायचा. उलट क्रमाने केलंत तर लायसन्स सस्पेंड होऊ शकतं. गाडी गेली की लोक पहिला फोन इन्शुरन्सला करतात, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

टो ट्रक यायच्या आदल्या दिवशी गाडी नीट रिकामी करा. काचेवरचा ई-झेडपास किंवा तुमच्याकडे जो टॅग असेल तो काढा, नाहीतर टो ट्रकवर चढलेल्या गाडीचा टोलही तुमच्या खात्यातून जाऊ शकतो. सन व्हायजरला अडकवलेला गॅरेजचा रिमोट काढा. आरशात किंवा छताला अंगचीच बटणं असतील, तर त्यांचं प्रोग्रॅमिंग पुसा. नॅव्हिगेशनमध्ये ‘होम’ म्हणून घराचा पत्ता, शेजारी गॅरेज उघडणारं बटण आणि फोनमधून आलेली सगळ्यांची नावं-नंबर, हे सगळं एकत्र अनोळखी माणसाला देऊ नका. सेटिंग्जमध्ये फॅक्टरी रीसेट असतं, ते करा. ग्लव्ह बॉक्समधली इन्शुरन्सची कार्डं आणि सीटखाली घरंगळलेल्या वस्तू काढून घ्या. स्टेपनीखालीही एकदा हात घालून बघा.

ड्रायव्हर आला की त्याच्या कागदावरचं संस्थेचं नाव, तुमच्याशी फोनवर बोललेल्या संस्थेचं नाव आणि टायटलवर लिहायचं नाव यांचा मेळ बसतोय ना, ते बघा. तो जी पावती देतो ती फक्त गाडी उचलल्याची. टॅक्ससाठी चालणारा कागद वेगळा, फॉर्म १०९८-सी. गाडी विकल्यापासून ३० दिवसांत संस्थेने तो द्यायचा असतो. संस्था गाडी विकणार नसून वापरणार किंवा गरजूला देणार असेल, तर दान केल्यापासून ३० दिवसांत. ५०० पेक्षा जास्त सूट मागताना तो रिटर्नला जोडावा लागतो. त्या फॉर्मवर तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर असतो, त्यामुळे संस्थेने तो मागितला तर दचकू नका. पण आयआरएसच्या यादीत संस्था सापडल्याशिवाय देऊही नका.

शेवटी, कायमचे भारतात परत निघालेल्यांसाठी. विमानाच्या आदल्या दिवसावर हे काम ठेवू नका. पिकअपची तारीख पुढे सरकू शकते, नोटरी मिळायला वेळ लागू शकतो, आणि १०९८-सी पोस्टाने तुमच्या जुन्या पत्त्यावर येऊ शकतो. किमान महिनाभर आधी संस्था ठरवा, पिकअपच्या दिवशी तुम्ही स्वतः इथे असाल असं बघा, आणि फॉर्मसाठी इथल्या एखाद्या विश्वासू मित्राचा पत्ता द्या. ते जमणारच नसेल, तर त्या मित्राच्या नावे गाडीपुरती पॉवर ऑफ अॅटर्नी करून जा. तुमच्या राज्याच्या डीएमव्हीचा त्यासाठी स्वतःचा फॉर्म असेल, तर तोच वापरा.