रडायला उशीर झाला, पण दुखणं कधीपासूनचं?

(अंबाजोगाई इथं आशाताई, परिचारिका, लॅब टेक्निशियन आणि पालकांसमोर एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

नमस्कार. ‘बाळ रडलंच नाही’ हे वाक्य ज्यांनी ऐकलेलं नाही असं या सभागृहात बहुधा कुणी नसेल. असं लेकरू तालुक्याहून आमच्याकडं येतं तेव्हा सोबतच्या चिठ्ठीवर ‘बर्थ ॲस्फिक्सिया’, म्हणजे जन्मताना बाळाला ऑक्सिजन कमी पडला, एवढंच लिहिलेलं असतं आणि खाली सही. कळा कधी सुरू झाल्या, पाणी कधी गेलं, कळा वाढवायचं इंजेक्शन दिलं होतं का, बॅग-मास्कनं किती मिनिटं श्वास दिला, यातलं काहीच नसतं. आईला विचारावं तर ती तिकडं दवाखान्यात टाक्यांसह पडलेली. बाप सांगतो, ‘मी बाहेर होतो, मॅडम.’ मग बाळाचं रक्त काही सांगतं का, हे बघावं लागतं. आज त्याबद्दलच बोलायचंय.

ऑक्सिजन तुटला की मेंदूच्या सगळ्या पेशी लगेच मरत नाहीत. पहिला फटका बसतो, पेशींतली ऊर्जा संपते. बाळाला श्वास मिळाला, हृदय नीट चालायला लागलं की ती बऱ्यापैकी परत येते. पुढचे काही तास बाळ सावरल्यासारखं दिसतं आणि घरचे सुटकेचा श्वास सोडतात. साधारण सहा तासांनंतर दुसरा फटका सुरू होतो आणि तो दोन-तीन दिवस चालतो. झटके येतात, मेंदूला सूज येते आणि बरंचसं कायमचं नुकसान या काळात होतं. उपचाराला जागा आहे ती या दोन फटक्यांच्या मधे.

त्या सहा तासांच्या आत बाळाचं अंग ३३.५ अंशांपर्यंत थंड करायचं, ७२ तास तसंच ठेवायचं आणि मग अगदी हळूहळू ऊब द्यायची, असा उपचार आहे. २००५ ते २००९ या काळात अमेरिका-युरोपातल्या मोठ्या चाचण्यांत त्याचा फायदा दिसला आणि तिकडं तो नेहमीचा झाला. आपणही तो उचलला. महागडं यंत्र नसेल तिथं बर्फाच्या जेल पॅकवर भागवलं.

मग २०२१ मध्ये ‘हेलिक्स’ या चाचणीचे निकाल आले. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या मोठ्या रुग्णालयांत ४०८ बाळं घेतली होती. निम्म्यांना थंड केलं, निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले. थंड केलेल्यांपैकी ४२ टक्के दगावली, न केलेल्यांपैकी ३१ टक्के. मृत्यू आणि गंभीर अपंगत्व एकत्र धरलं तरी थंड करण्याचा फायदा दिसला नाही. आमच्या क्षेत्रात यावरून मोठं वादळ उठलं. कुणी म्हणालं, बाळं उशिरा आली असतील; कुणी म्हणालं, व्हेंटिलेटर कमी पडले. तो वाद अजून पूर्ण मिटलेला नाही, आणि सगळी सोय असलेली काही रुग्णालयं आजही निवडक बाळांना थंड करतात. माझं मत विचाराल तर नर्सिंगची, व्हेंटिलेटरची आणि चोवीस तास लक्ष ठेवायची सोय नसेल तिथं कुणी हौसेनं थंड करायला जाऊ नये.

पण मला खरा प्रश्न वेगळा वाटतो. तोच आजार, तोच उपचार, आणि निकाल उलटा का?

इंपीरियल कॉलेज, लंडनच्या ज्या गटानं हेलिक्स केलं, त्यांनीच पुढं अशा बाळांच्या रक्तातल्या जनुकांचं काम तपासलं. कोणती जनुकं चालू, कोणती बंद, याचा नकाशाच काढला म्हणा. २०२४ मध्ये त्यांनी तो छापला. श्रीमंत देशांतल्या बाळांचं चित्र एकदम, थोड्या वेळात ऑक्सिजन तुटल्याचं होतं: नाळ सटकली, वार सुटली, असं काही. दक्षिण आशियातल्या बाळांचं चित्र ऑक्सिजन पुन्हा पुन्हा, थोडा थोडा कमी पडत गेल्याचं होतं. मोठ्या माणसाचा झोपेत घोरता घोरता श्वास अडकतो, त्या आजारात दिसतं त्याच्या जवळचं. म्हणजे बाळंतपणाच्या टेबलावर जे दिसलं त्याची सुरुवात गर्भारपणात किंवा लांबलेल्या कळांमध्ये कधीतरी झालेली असू शकते.

आपल्याकडं हे सांगायला शेतापलीकडं जायची गरज नाही. गारपिटीनं झोपलेलं पीक आणि पावसाच्या चार खंडांनी वाळलेलं पीक, दोन्हींचा पंचनामा ‘नुकसान’ असाच होतो. पण खंडानं वाळलेल्याला गारपिटीचा इलाज लावून काय उपयोग?

म्हणून मी म्हणते, रक्ताच्या चाचणीला आपण ‘किती’ विचारतो, त्याआधी ‘कधी’ विचारायला हवं.

आता चाचण्यांकडं येऊ. मेंदूची पेशी फुटली की तिच्यातली प्रथिनं रक्तात गळतात. चेतापेशींतून एनएसई आणि यूसीएच-एल१ येतात, त्यांना आधार देणाऱ्या तारकापेशींतून जीएफएपी आणि एस१००बी, आणि चेतातंतूंच्या सांगाड्यातून न्यूरोफिलामेंट. जीएफएपी आणि यूसीएच-एल१ यांची जोडी अमेरिकेत २०१८ मध्ये मोठ्या माणसांसाठी मंजूर झाली. डोक्याला सौम्य मार लागलेल्या माणसाचा सीटी स्कॅन करायचा की नाही, हे ठरवायला. नवजात बाळाच्या बाबतीत मात्र यातल्या कुठल्याही एका आकड्यावर उपचार ठरवावेत अशी वेळ अजून आलेली नाही.

कारण प्रत्येकाची काहीतरी खोड आहे. न्यूरोफिलामेंट चांगलं बोलतं, पण सावकाश. ते चढायला दिवस लागतात आणि तोवर आपले सहा तास कधीच गेलेले असतात. एस१००बी चरबीतूनही येतं. आणि एनएसईची गंमत सिस्टर लोकांना लगेच कळेल. ते तांबड्या पेशींतही असतं. टाचेला टोचून, पाय पिळून पिळून रक्त काढलं की पेशी फुटतात. नळी फिरवल्यावर वरचा सिरम पिवळसर दिसायला हवा, तो गुलाबी दिसतो. त्या गुलाबी सिरममधलं एनएसई वाढलेलंच येणार. मेंदू बिचारा ठणठणीत असला तरी.

आणखी एक. अडीच किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं सगळं मिळून साधारण २०० मिली. त्यातलं पाच मिली ‘जरा जास्तीच्या तपासण्यांसाठी’ काढायचं म्हणजे किती होतं, याचा हिशेब करा. वर ते नमुने बर्फाच्या डब्यात पुण्या-मुंबईला पाठवायचे, मे महिन्यात, परभणीत पारा ४२-४३ वर असताना. रिपोर्ट यायला तीन दिवस.

त्यापेक्षा फुकटचं रक्त आहे आपल्याकडं, आणि ते आपण रोज बादलीत टाकतो. नाळेत उरलेलं. बाळ रडलं नाही की त्याच्याकडं धावायचंच, त्यात दुमत नाही. पण दुसऱ्या हातानं नाळेचा वीतभर तुकडा दोन्ही बाजूंनी चिमटे लावून ट्रेमध्ये ठेवता येतो. धमनीतून पाऊण-एक मिली रक्त घ्यायचं. साध्या तापमानाला तासाभरापर्यंत त्यातला पीएच, म्हणजे रक्त किती आम्ल झालंय त्याचा आकडा, भरवशाचा राहतो; तो जितका खाली, तितकं रक्त जास्त आम्ल. ब्लड गॅसचं मशीन असेल तिथं पीएच, आणि ऑक्सिजनच्या तुटवड्यानं साचलेलं आम्ल दाखवणारे बेस डेफिसिट आणि लॅक्टेट हे आकडेही काही मिनिटांत मिळतात. पीएच सातच्या खाली असेल तर बाळंतपणाच्या अखेरच्या टप्प्यात मोठी ओढाताण झाली, हे कागदावर येतं. उलट पीएच ठीक आणि बाळ मात्र मलूल, ढिलं, असं असलं तर नजर मागच्या दिवसांकडं वळवावी लागते. जंतुसंसर्ग किंवा दुसरा एखादा आजार तर नाही ना, हेही बघावं लागतं.

आणि एक चाचणी तर प्रत्येक तालुक्याच्या लॅबमध्ये आहे. साधी काच, साधा रंग, साधा सूक्ष्मदर्शक. पोटात असताना बाळाला ऑक्सिजन दीर्घ काळ कमी पडला की त्याचं शरीर घाईघाईनं तांबड्या पेशी तयार करून रक्तात सोडतं. त्यातल्या कच्च्या पेशींच्या पोटात अजून केंद्रक असतं, गडद जांभळा ठिपका. जन्मतः शंभर पांढऱ्या पेशींमागं अशा दहापर्यंत दिसल्या तर ठीक. चाळीस-पन्नास दिसल्या तर त्या शेवटच्या अर्ध्या तासात तयार झालेल्या नाहीत. टेक्निशियन भाऊंना ठाऊक असेल, काउंटर मशीन त्यांना पांढऱ्या पेशी समजून मोजतं आणि मग हातानं दुरुस्ती करावी लागते. ती दुरुस्ती करून मूळ आकडा टाकून देऊ नका. तो रिपोर्टवर लिहा. अर्थात आईला मधुमेह असेल, आरएचचा झगडा (आई-बाळाचे रक्तगट न जुळणं) असेल किंवा दिवस कमी भरले असतील, तरी या पेशी वाढतात. म्हणून एकट्या आकड्यावर निवाडा नको. तोडफोड करायला आलेल्या नातेवाइकांनीही नको, आणि ‘आमच्याकडं यायच्या आधीच झालं होतं’ म्हणून हात झटकणाऱ्या डॉक्टरनंही नको.

आता पालकांसाठी थोडं, आणि इथं मला घाई करायची नाही. उद्या अशी पट्टी निघाली की थेंबभर रक्तात मेंदूचा आकडा कळला, तर तो आकडा सांगायचा कुणाला आणि कसा? ज्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं मुली ८०० च्या घरात होत्या, तिथं मुलीचा आकडा जास्त आला तर पुढच्या उपचारांवर पैसे खर्च होतील का? मला धास्ती वाटते ती याची. तिसऱ्या दिवशी वॉर्डाच्या दारात उभं राहून ‘हे मूल असंच राहणार’ असं सांगणारे डॉक्टर मी ऐकलेत. जास्त आकडा आलेली काही बाळं पुढं चालतात, शाळेत जातात. त्या आकड्याचा उपयोग एवढाच, की कोणाला लवकर एमआरआयला पाठवायचं, कोणाच्या मागं लागून फिजिओथेरपीला आणायचं. जिल्ह्याच्या ठिकाणी लवकर हस्तक्षेपाची केंद्रं आहेत. तिथं सहाव्या महिन्याऐवजी दुसऱ्या महिन्यात गेलेल्या बाळाला ते चार महिने मिळतात.

आत्ताच एका ताईंनी विचारलं, ‘ही तपासणी पोटात असतानाच करता येईल का?’ मेंदूची प्रथिनं पोटातल्या बाळाच्या रक्तात मोजायची सोय आपल्याकडं नाही, आणि नसल्यानं फार अडतही नाही. पुन्हा पुन्हा ऑक्सिजन कमी पडायची कारणं आईच्या कार्डावर असतात: हिमोग्लोबिन सात, रक्तदाब चढलेला, दोन महिन्यांत पोटाची उंची न वाढलेली, बाळाची हालचाल मंदावलेली. अडचण अशी आहे की दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेल्या बाईचं कार्ड घरी पेटीत राहतं आणि ती असते सांगली-कोल्हापूरकडच्या फडात, पहाटे मोळ्या वाहत. मार्च-एप्रिलमध्ये परत येते ती नवव्या महिन्यात, कधीकधी थेट कळा घेऊनच. तुमच्या गावातून कोण गरोदर बाई कोणत्या कारखान्यावर गेली, हे मुकादमाला ठाऊक असतं. त्याचा नंबर आणि तिच्या कार्डाचा फोटो जाण्याआधी तुमच्या मोबाइलमध्ये असला, तर तिकडच्या आशाताईला पाठवता येतो.

दुसरा प्रश्न सिस्टरांचा: ‘रिपोर्ट तीन दिवसांनी येणार असेल तर रक्त घ्यायचंच कशाला?’ बरोबर आहे, त्यासाठी रक्त नका घेऊ. संशोधनात सहभागी असाल आणि आईबापांनी समजून सही केली असेल, तर गोष्ट वेगळी. नाळेतल्या रक्ताचा ब्लड गॅस आणि कच्च्या पेशी मोजायला काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, म्हणजे स्मिअर, मात्र घ्या, आणि १०८ मध्ये बाळासोबत जाणाऱ्या चिठ्ठीवर चार वेळा लिहा: कळा सुरू झाल्याची, पाणी गेल्याची, जन्माची आणि पहिल्या श्वासाची. बीडहून छत्रपती संभाजीनगरला पोचेपर्यंत अडीच-तीन तास जातात. त्या चार वेळा हातात असल्या तर दारातच आम्हाला कळतं, सहातले किती तास उरलेत.