एकाच गल्लीतल्या दोन गाड्या, दोन हप्ते

(दृश्य: सकाळ. जुळे सोलापुरातली एक गल्ली. शेजारशेजारच्या दोन फाटकांसमोर दोन पांढऱ्या वॅगनआर.)

नंबरप्लेट दोन्हींची एमएच 13. रंग एक, महिना एक, चार वर्षांपूर्वीची खरेदी एकाच शोरूममधली. डावीकडची गाडी एका निवृत्त शिक्षकांची. गल्लीत त्यांना सगळे सर म्हणतात. उजवीकडची अण्णांची. त्यांचे अक्कलकोट रोडला टॉवेलचे लूम आहेत.

परवा दोघांच्याही विम्याचं नूतनीकरण आलं. कंपाउंडच्या भिंतीवरून अण्णांनी सहज विचारलं, "सर, तुमचा हप्ता किती आला?"

"सहा हजार सहाशे एक."

"मला पंधरा हजार पाचशे पंच्याण्णव! गाडी तर तीच आहे की हो!"

फरक जवळपास 9 हजारांचा. अण्णांना वाटलं, एजंटनं टोपी घातली. असं वाटणारे सोलापुरात हजारो असतील, आणि त्यांना दोष देता येत नाही. पॉलिसीचा कागद असा छापलेला असतो, की माणूस शेवटची रक्कम बघतो, पैसे भरतो आणि कागद ड्रॉवरमध्ये टाकतो. आम्ही ते दोन्ही कागद सरांच्या जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी पसरले.

(दृश्य: टेबलावर दोन पॉलिसी. सरांचं बोट एकेका ओळीवरून सरकतंय.)

कागदावर मुळात दोन वेगळे विमे आहेत. एक थर्ड पार्टी, दुसरा ओन डॅमेज. पहिला आपल्या गाडीनं दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याचा, दुसरा आपल्या स्वतःच्या गाडीचा. लोक 'फुल इन्शुरन्स' म्हणतात तो या दोघांची बेरीज.

थर्ड पार्टीच्या ओळीत सरांकडे 2,094 रुपये आहेत, अण्णांकडे 3,416. इथं एजंटचा काही हात नाही आणि कंपनीचाही नाही. हा दर केंद्र सरकार ठरवतं आणि इंजिनाच्या सीसीवर ठरवतं. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांनुसार 1000 सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाला 2,094, 1000 ते 1500 सीसीला 3,416 आणि त्यावर 7,897. वॅगनआर दोन इंजिनांत मिळते. सरांची 998 सीसीची आहे, अण्णांची 1197 सीसीची. बाहेरून ओळखू येत नाही, पण कागद ओळखतो. बाजारातल्या कितीतरी गाड्यांचं इंजिन 1497 किंवा 1498 सीसीचं का असतं, हा प्रश्न कधी पडला असेल, तर त्याच्या उत्तराचा एक भाग असल्या मर्यादांमध्ये आहे.

थर्ड पार्टीवर मला जरा थांबायचंय. कारण लोक सगळ्यांत जास्त कुरकुर याच ओळीवर करतात. "ह्यात मला काय मिळतं?"

(दृश्य: संध्याकाळ. लूमची पाळी सुटलीय. सायकली, दुचाकी, चालत निघालेली माणसं.)

सोलापुरात दोन मोठे राष्ट्रीय महामार्ग एकमेकांना भेटतात. पुण्याहून हैदराबादकडे जाणारा 65 आणि धुळ्याहून विजयपूरकडे उतरणारा 52. हिवाळ्यात त्यावर उसाच्या ट्रॉल्या येतात, कित्येक ट्रॉल्यांना मागे साधा रिफ्लेक्टरही नसतो. त्याच रस्त्यावरून पाळी सुटलेला कामगार घरी निघतो.

समजा, वय 28, महिना पंधरा हजार मिळवणारा माणूस. घरी बायको, दोन मुलं, आई. एखाद्या कारच्या धडकेत तो गेला आणि चूक कारवाल्याची ठरली, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाईचा हिशेब कसा करतं, ते बघा. वर्षाचं उत्पन्न 1 लाख 80 हजार. पुढे कमाई वाढली असती म्हणून त्यात 40 टक्के मिळवायचे, झाले 2 लाख 52 हजार. तो स्वतःवर जे खर्च करणार होता, त्यासाठी चौथा हिस्सा वजा, राहिले 1 लाख 89 हजार. या वयाला गुणक 17. गुणाकार येतो 32 लाख 13 हजार. इतर काही रकमा वर वेगळ्या. ही रीत सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 आणि 2017 मधल्या निकालांनी घालून दिलेली आहे.

त्या घराला हे पैसे मिळतात, ते कारवाल्याच्या थर्ड पार्टीतून. मृत्यू किंवा इजा असेल तर या विम्याला वरची मर्यादाच नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांची आहे. आणि विमा नसेल तर तेच 32 लाख मालकाच्या घरादारावर येतात. म्हणूनच 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 नं हा विमा सक्तीचा केला. अवजड वाहनानं होणारी हानी मोठी, म्हणून त्याचा दरही मोठा. 40 टनांपेक्षा जास्त वजनाच्या मालट्रकला हीच ओळ 44,242 रुपयांची आहे. "ह्यात मला काय मिळतं" याचं उत्तर असं, की रस्त्यावरच्या अनोळखी घराची चूल विझत नाही आणि त्यापायी आपलंही घर विकावं लागत नाही.

(दृश्य: होटगी रोडवरचं गॅरेज. डेंटिंगचा हातोडा, पॉलिशचा आवाज.)

आता ओन डॅमेज. इथं सरकारचा दर नाही. पूर्वी होता, 2007 पासून कंपन्यांना मोकळीक मिळाली. तरी जुन्या दरपत्रकाचा सांगाडा अजून कागदावर दिसतो.

सगळ्यात आधी गाडीची किंमत, आयडीव्ही. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली, तर मिळायची रक्कम. शोरूमच्या किमतीतून वयाप्रमाणे घट धरतात. सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, दुसऱ्या वर्षात 20, पाचव्या वर्षात 50. हप्ता कमी दिसावा म्हणून आयडीव्ही मुद्दाम खाली आणणारे असतात. गाडी चोरीला गेल्यावर त्या वाचलेल्या चार-पाचशे रुपयांची किंमत कळते.

मग गाव. जुन्या दरपत्रकात मुंबई, पुणे, दिल्ली, हैदराबादसह आठ शहरं झोन 'ए'त आणि बाकी सगळा देश झोन 'बी'त. सोलापूर 'बी'त. पाच वर्षांच्या आतल्या लहान कारचा मूळ दर तिकडे आयडीव्हीच्या 3.127 टक्के, इकडे 3.039. पाच लाखांच्या गाडीवर फरक 440 रुपयांचा. हा झोन ठरतो नोंदणी कुठली त्यावरून. नोकरीसाठी हिंजवडीत गेलेली एमएच 13 ची गाडी पुण्याच्या गर्दीत पळते, दर मात्र सोलापूरचा लागतो.

पण गाड्यागाड्यांत खरा फरक पडतो तो दुरुस्तीच्या खर्चानं. गॅरेजवाल्या मिस्त्रींनी आम्हाला दोन बंपर दाखवले. एक साधा, प्लॅस्टिकचा. दुसरा नव्या एसयूव्हीचा. उलटा केला तर आत वायरींचं जाळं, पार्किंगचे चार सेन्सर, कडेला रडारची डबी. "पूर्वी बंपर बदलला, की गाडी बाहेर," मिस्त्री म्हणाले. "आता बंपर बदलायचा, सेन्सर जुळवायचे, मग कॉम्प्युटर लावायचा. काचेचं पण तसंच. आरशाच्या मागं कॅमेरा असतो, काच बदलली की कॅमेरा परत सेट करावा लागतो." ज्या मॉडेलचे पार्ट महाग किंवा क्लेम जास्त, त्याचा दर कंपनी वर ठेवते. समोरच्या ट्रकच्या चाकातून उडालेला खडा साध्या काचेवर आणि कॅमेऱ्याच्या काचेवर सारखाच बसतो, बिल सारखं येत नाही.

पाण्याचीही एक गोष्ट इथंच सांगतो. 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला, माढा आणि मोहोळकडची गावं पाण्यात गेली. साध्या ओन डॅमेजमध्ये पुराचं नुकसान धरलेलं असतं. पण पाणी उतरल्यावर चावी फिरवली आणि इंजिनात शिरलेल्या पाण्यानं इंजिन जाम झालं, तर त्या इंजिनाचे पैसे इंजिनाचं वेगळं पूरक कव्हर न घेतलेल्याला बहुधा मिळत नाहीत. पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करू नका. ओढून न्या.

(दृश्य: अण्णांच्या गाडीचा मागचा बंपर, नवा कोरा.)

अण्णांच्या कागदावर तीन ओळी उरल्या. ओन डॅमेज 8,000, झिरो डेप, म्हणजे क्लेममध्ये पार्टची घट न कापणारं पूरक कव्हर, 1,800, आणि नो क्लेम बोनसच्या, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलच्या सुटीच्या, रकान्यात शून्य. सरांकडे ओन डॅमेज 7,000, त्यातून 50 टक्के वजा, राहिले 3,500. मग दोन्हीकडे 18 टक्के जीएसटी. एवढाच हिशेब, फसवणूक कुठेच नाही.

अण्णांचा बोनस का गेला? जानेवारीत गड्डा यात्रेच्या गर्दीत, होम मैदानाजवळ, एका दुचाकीनं त्यांचा बंपर फोडला. बिल झालं 6,000. चार हजारांचा बंपर, दोन हजार मजुरी. प्लॅस्टिकच्या भागाला कंपनी निम्मेच पैसे देते आणि प्रत्येक क्लेममध्ये पहिले हजार रुपये आपल्याला सोसावे लागतात. हातात आले 3,000. त्या रागानं अण्णांनी यंदा झिरो डेप घेतला.

आणि गेलं काय? आधीच्या गाडीपासून धरून पाच वर्षं क्लेम न करता मिळवलेली 50 टक्के सूट. आता ती परत चढायची तर शून्य, 20, 25, 35, 45 आणि मग 50. ओन डॅमेज दरवर्षी 8,000 च राहील असं धरलं, तर पाच वर्षांत 4,000, 2,400, 2,000, 1,200 आणि 400 जादा. एकूण 10,000. तीन हजारांसाठी दहा हजार. हा आकडा मी टेबलावर मांडला, तेव्हा अण्णा बराच वेळ गप्प होते. त्यांना हे क्लेमच्या आधी कुणी सांगायला हवं होतं. मला याचं खरंच वाईट वाटतं.

चालकाचा स्वभाव आपल्याकडच्या हप्त्यात शिरतो तो बहुतेक याच एका दारानं. बाहेरच्या अनेक देशांत चालकाचं वय, अनुभव, अपघातांचा इतिहास यांवर दर ठरतो. आपल्याकडे विमा गाडीचा. अठरा वर्षांचा पोरगा चालवो की साठीचे सर, परवाना असला की झालं, हप्ता बहुधा बदलत नाही. 2021 मध्ये विमा नियामकाच्या एका गटानं वाहतूक नियम मोडणाऱ्यांना जादा हप्ता लावावा, असं सुचवलं होतं. 2022 च्या जुलैत किती आणि कशी गाडी चालवता त्यावर आधारलेली पूरक कव्हरं द्यायला कंपन्यांना परवानगी मिळाली. माझं मत विचाराल, तर चालकाकडे बघणारा हप्ताच न्याय्य. सात रस्त्याला लाल दिवा तोडणारा आणि त्याच दिव्याला थांबलेला, दोघांनी सारखं का भरावं?

वापराचा मुद्दा मात्र आजही कडक आहे. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर अशी देवस्थानं आसपास असलेल्या या शहरात पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीतून भाड्यानं भाविक नेणारे बरेच आहेत. लहान टॅक्सीचा थर्ड पार्टी दर 6,040, वर प्रत्येक प्रवाशामागे 1,162. खासगीचा 2,094. म्हणून पिवळी पाटी टाळतात. मग वाटेत अपघात झाला, की गाडी भाड्यावर होती हे कारण दाखवून कंपनी क्लेम नाकारते.

(दृश्य: सरांचं घर. एजंट आलाय. सरांनी प्लॅस्टिकच्या फाइलमधून एक जुनं पत्र काढलंय.)

हे पत्र सरांच्या आधीच्या गाडीचं. ती विकताना बोनस त्यांनी स्वतःकडे राखून घेतला आणि या गाडीला लावला. आता मुलगा ही गाडी पुण्याला नेतोय.

"त्याच्या नावावर करून देतो," सर म्हणाले. "ही निम्मी सूट त्याला जाईल ना?"

"नाही सर. गाडी त्याची होईल, बोनस तुमचा राहील. नवीन पत्र देतो, तीन वर्षं चालेल, पण तुमच्याच नावच्या गाडीला. आणि गाडी नावावर झाली, की चौदा दिवसांत पॉलिसी त्याच्या नावावर करायला अर्ज द्या."

"म्हणजे तो शून्यापासून?"

"हो सर, शून्यापासून."

सरांनी पत्र घडी करून परत फाइलमध्ये ठेवलं.

रविवारी पहाटे मुलगा निघाला. गाडी मागे घेताना सर फाटकापाशी उभे होते. अण्णांच्या नव्या बंपरपर्यंत किती अंतर उरलंय, ते हातानं दाखवत. "ये... ये... अजून जरा... थांब."