तारेचा फास ओळखायचा कसा

नमस्कार मंडळी. रविवारची सकाळ असून एवढे लोक आलात, बरेच ट्रेकवाले दिसतायत, मागे जुन्नर-आंबेगाव साइडची शेतकरी मंडळी पण बसलीयत, बरं वाटलं. मी आज प्राण्यांबद्दल कमी आणि तारेबद्दल जास्त बोलणार आहे. प्राण्यांबद्दल बोलणारी चांगली माणसं पुण्यात भरपूर आहेत. माझी नोकरी सगळी भोसरीला वायर रोपच्या कामात गेली, क्रेनचे रोप, लिफ्टचे रोप, गाड्यांच्या कंट्रोल केबल, आणि रिटायर झाल्यावर मी वनखात्याच्या लोकांबरोबर शिकारीसाठी लावलेले तारेचे फास शोधायला जायला लागलो. तेव्हा कळलं की जंगलात जे सापडतंय ते आपल्याच कामातलं आहे. टू-व्हीलरची क्लचवायर, सायकलची ब्रेकवायर. कुठल्याही गॅरेजच्या मागे जुन्या केबलचा ढीग पडलेला असतो, कोणी पैसे पण घेत नाही, आणि त्या एका वायरमध्ये भेकर, रानडुक्कर, तरस, बिबट्या, काहीही अडकू शकतं.

ही तार एवढी जीवघेणी का, ते आधी सांगतो. केबल म्हणजे एक सळई नाही, बारीक पोलादी तारा पिळून केलेली दोरी आहे. सात तारांचा एक पेड, असे सात पेड एकत्र, त्याला 7 बाय 7 म्हणतात, किंवा 19 तारा एकदम पिळलेल्या, ती 1 बाय 19, ही जास्त ताठ असते. 1/16 इंचाची, म्हणजे दीड मिलिमीटरपेक्षा किंचित जाड, चांगली 7 बाय 7 केबल घेतली तर ती तुटायला 480 पौंड लागतात, सव्वादोनशे किलोच्या आसपास. 3/32 इंचाची घेतली तर 920 पौंड, चारशे किलोच्या वर. मोठ्या नर बिबट्याचं वजन साधारण साठ-सत्तर किलो धरा. म्हणजे तो कितीही झटापट करू दे, तार तुटत नाही, तुटतं ते त्याचं शरीर. आणि वर जस्ताचा मुलामा, म्हणजे गंजत पण नाही लवकर. लावणारा माणूस विसरून गेला, गाव सोडून गेला, तरी तो फास पुढचे काही पावसाळे तिथे तसाच काम करत राहतो. सुताच्या किंवा तागाच्या दोरीचा फास पावसात कुजायचा. हा कुजत नाही, ही सगळ्यात वाईट गोष्ट.

आता जरा लांबचं सांगतो, त्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. अमेरिका-कॅनडामध्ये फर ट्रॅपिंग हा अजूनही कायदेशीर धंदा आहे, लायसन्स काढून कोल्हे, कायोटी म्हणजे तिकडचा लहान लांडगा, बीव्हर वगैरे पकडतात. ते लोक नवी केबल आणली की तशीच लावत नाहीत, तिच्यावर आधी प्रक्रिया करतात. नव्या केबलला कारखान्यातलं तेल असतं आणि चमक असते, तेलाचा वास कायोटीला लांबून येतो आणि चमक चांदण्यात पण दिसते. म्हणून सोड्याच्या पाण्यात उकळतात, खायचा सोडा किंवा धुण्याचा सोडा, त्याने तेल निघतं आणि जस्तावर करडा मळकट थर धरतो. काहीजण पुढे झाडाच्या सालीच्या काढ्यात, अक्रोडाच्या टरफलाच्या पाण्यात टाकून तिला गडद करतात, टॅनिनचा रंग तो, आपल्याकडे हिरड्याने आणि बाभळीच्या सालीने कातडं कमावतात ना, तेच द्रव्य. मग घराबाहेर वाऱ्यापावसात टांगून ठेवतात, हाताचा वास लागू नये म्हणून ग्लोव्ह्ज घालून हाताळतात. आणि शेवटी केबलला हाताने बाक देतात, म्हणजे फास गोल उघडा राहतो आणि हलकासा धक्का लागला की पटकन मिटतो.

हे सगळं मी का सांगतोय? आपल्याकडे तर हे पूर्ण बेकायदा आहे, ते पुढे येतोच. सांगतोय अशासाठी की या सगळ्या खटाटोपाचा उद्देश एकच, तार दिसू नये आणि तिचा वास येऊ नये. ज्या प्राण्याचं नाक आणि अंधारातली नजर आपल्यापेक्षा कितीतरी तेज, त्याला जी तार कळत नाही ती आपल्याला चालता चालता कशी दिसणार? आपल्याकडे वेगळं काही करावं पण लागत नाही, वर्षानुवर्षं गाडीवर चाललेली क्लचवायर आधीच मळकट असते, धूळ खाल्लेली. म्हणून माझ्याबरोबर जे पहिल्यांदा येतात त्यांना मी सांगतो, तार शोधू नका. माणसाचं काम शोधा.

म्हणजे काय बघायचं, तर जंगलात काटेरी फांदी आपोआप तुटून सरळ रेषेत आडवी पडत नाही. ताम्हिणी, मुळशी, पानशेतच्या मागचा डोंगर, भोर, कुठेही ओढ्याच्या कडेने चालताना करवंदीच्या किंवा बाभळीच्या फांद्या रचून ठेवलेल्या दिसल्या, मध्येच हात-दोन हात मोकळी फट ठेवलेली दिसली, की थांबायचं. ती फट प्राण्यासाठी ठेवलेली असते. फांदीचा तुटलेला भाग बघा, कोयत्याचा तिरका घाव आहे की नुसती मोडलीय. मग खाली वाकून, प्राण्याच्या उंचीवर डोळे आणून, उजेडाच्या दिशेने बघा, तार आकाशासमोर काळी रेघ म्हणून दिसते, उभं राहून वरून बघितलंत तर मागच्या पाचोळ्यात विरघळून जाते. झाडाच्या बुंध्याला तार गुंडाळली की सालीला गोल खाच पडते, ती बघा. उसाच्या कडेला, बांधावर, शेताच्या कुंपणाखालून डुकरं जिथून रोज जातात ती मळलेली वाट असते, तिथे बघा. उन्हाळ्यात पाण्याकडे जाणाऱ्या वाटा. आणि जर कुठे जमीन गोलाकार उकरलेली, एकाच झाडाभोवती सगळी झुडपं मोडलेली, खोडावर नखांचे ओरखडे दिसले, तर तिथे कोणीतरी आधीच अडकून गेलंय असं समजा.

एक फास दिसला की आजूबाजूला अजून असतात. एकटा फास क्वचितच. त्यामुळे आनंदाने पुढे धावायचं नाही, आहात तिथे उभं राहून चहूकडे बघायचं.

आता तिकडच्या आणि इकडच्या तारेत फरक काय, तर मला वाटतं तो समजणं फार महत्त्वाचं आहे, कारण काही लोक येऊन म्हणतात की सर अमेरिकेत चालतं मग आमच्या शेतकऱ्यानेच काय घोडं मारलंय. तिकडे त्या केबलवर लॉक असतं, म्हणजे फास ज्यातून सरकून आवळतो तो छोटा तुकडा, आणि कित्येक राज्यांत ते ढिलं पडणारंच लॉक लागतं, म्हणजे प्राण्याने ओढणं थांबवलं की फास सैल होतो. फास एका मर्यादेपेक्षा लहान होऊ नये म्हणून स्टॉप असतो, त्याने हरणाचा पाय आत गेला तरी निसटतो. पीळ बसू नये म्हणून फिरती कडी असते. काही ठिकाणी 350 पौंडाच्या जोराला तुटणारा एक कमजोर जोड सक्तीचा आहे, म्हणजे गाय किंवा मोठं हरीण अडकलं तर तोडून जाईल. आणि फास ठराविक तासांत जाऊन तपासावा लागतो, बऱ्याच ठिकाणी रोज. एवढं करूनसुद्धा तिकडे वाद मिटलेला नाही. ब्रिटनमध्ये वेल्सने 2023 मध्ये आणि स्कॉटलंडने 2024 मध्ये फासांवर पूर्ण बंदीच आणली.

आपल्या क्लचवायरमध्ये यातलं काहीच नाही. नुसती सरकगाठ. तार तारेवर घासत मिटते आणि मिटताना तिला मोड बसतो, आणि पोलादी तारेला एकदा मोड बसला की ती उलटी सरकत नाही, हे मी नोकरीत कायम बघितलंय. म्हणजे प्राण्याने मारलेला प्रत्येक हिसका फास थोडा आवळतो आणि तो आवळलेलाच राहतो. शिवाय दोन मिलिमीटर जाडीच्या तारेवर सगळा जोर येतो, म्हणून ती करवतीसारखी आत जाते, एखाद-दोन बारीक तारा तुटल्या की त्यांची टोकं मांसात रुततात.

प्राण्यांच्या डॉक्टरांबरोबर उभं राहून जे शिकलो ते सांगतो. बिबट्या बहुतेक वेळा कमरेत अडकतो, कारण डोकं-खांदे फटीतून पुढे निघून जातात आणि मग तार पोटावर बसते. आतली आतडी, किडन्या दाबल्या जातात. बाहेरून जखम लहान दिसते. तासन् तास झटापट केल्याने स्नायू अक्षरशः फुटायला लागतात, त्यातलं द्रव्य रक्तात उतरून किडन्या निकामी होतात, म्हणजे तार कापली, प्राणी उठून उभा राहिला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तो दोन-चार दिवसांनी मेला असं होऊ शकतं. जिथे रक्त पोचलं नव्हतं ती कातडी पण काही दिवसांनी काळी पडून सडायला लागते. म्हणून डॉक्टर त्याला लगेच सोडत नाहीत, जुन्नरच्या माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रासारख्या ठिकाणी ठेवून बघतात, आणि लोक बाहेर ओरडतात की पकडून का नेला. कृपा करून डॉक्टरांना त्यांचं काम करू द्या.

2022 च्या डिसेंबरमध्ये मध्य प्रदेशात पन्नाच्या जंगलात एक वाघ क्लचवायरच्या फासात झाडाला लटकलेला सापडला होता, फोटो तुमच्यापैकी काहींनी बघितला असेल. वाघासाठी तार कोणी लावली होती की दुसऱ्या कशासाठी, तारेला त्याने काही फरक पडत नाही. व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियाच्या संरक्षित जंगलांत मिळून सुमारे 1 कोटी 23 लाख फास असावेत असा अंदाज 2020 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफ या जागतिक वन्यजीव संस्थेने मांडला. तिथली जंगलं हिरवीगार आहेत, झाडं सगळी उभी आहेत, आत प्राणी नाहीत. आपल्या सह्याद्रीचं तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. फास म्हटला की लोक लगेच फासेपारध्यांचं नाव घेतात. 1871 च्या इंग्रजांच्या कायद्याने कित्येक जमातींवर गुन्हेगार म्हणून शिक्का मारला, तो 1952 मध्ये कागदावरून गेला, पण डोक्यातून गेला नाही. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी नोंदवून ठेवलंय की नगर भागातल्या फासेपारध्यांत गाभण हरिणी किंवा पाडस फासात सापडलं तर सोडून द्यायची रीत होती. म्हणजे फासाजवळ माणूस बसलेला असायचा, तो बघायचा, ठरवायचा. क्लचवायर लावून घरी झोपायला जाणारा कुठल्याही जातीचा, कुठल्याही गावचा असतो. फास सापडल्यावर अमुक वस्तीवर संशय घेत फिरू नका.

कायदा थोडक्यात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच फास लावणं, सापळा लावणं आणि तसा प्रयत्न करणं हे सगळं येतं. म्हणजे प्राणी अडकलाच नाही तरी फास लावणं हा प्रयत्न धरला जातो. बिबट्या अनुसूची एकमध्ये, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे, त्याच्या शिकारीला 3 ते 7 वर्षं शिक्षा आणि कमीत कमी 25 हजार दंड. ‘मी डुकरासाठी लावला होता’ म्हणून सुटका होत नाही.

मागे बसलेल्या दादांनी हात वर केलाय, हो, बोला. ते म्हणतायत की साहेब, डुक्कर एका रात्रीत भुईमुगाचं वावर उलथून टाकतं, आम्ही काय करायचं. दादा, तुमचं शंभर टक्के खरं आहे, आणि पुण्यात बसून तुम्हाला उपदेश करणं मला पटत नाही. नुकसानभरपाई आहे, पण लगेच कळवून पंचनामा झाला तरच, आणि त्या कागदांचा त्रास खरा आहे. कुंपणाच्या तारेला हलका झटका देणारं सोलर झटका मशीन चांगलं चालतं, फक्त ते तयार मशीनच हवं, थेट लाइनची वीज तारेत सोडायची नाही, त्यात आपलीच माणसं मेलीयत. पण फासाचं गणित बघा. तुमच्या बांधावर फास लागला आणि उद्या त्यात बिबट्या अडकला, तर सकाळी पाणी धरायला जाणारी तुमची घरची माणसंच सगळ्यात आधी त्याच्या समोर येणार. अडकलेला बिबट्या माणूस बघून जोर लावतो, कधी तार जिथे बांधलीय ती मेखच उपसून येते. म्हणून म्हणतो, दुसऱ्या कोणी जरी लावलेला असला तरी तुमच्या बांधावरचा फास कळवा.

या ताई विचारतायत, ट्रेकला गेल्यावर फास दिसला तर कापायचा का. आधी हात लावायचा नाही. फोटो काढा, लांबून एक, जवळून एक, गाठीचा एक, बाजूला पेन वगैरे ठेवून, लोकेशन सेव्ह करा आणि 1926 ला फोन करा, वनखात्याची हेल्पलाइन आहे. गाठ महत्त्वाची, प्रत्येकाची बांधायची सवय वेगळी असते आणि दोन जागच्या गाठी जुळल्या तर तपासाला धागा मिळतो, म्हणून कापायची वेळ आली तरी गाठीपासून लांब कापतात. तिथे रेंज नसेल आणि अंधार पडत असेल तर माझं मत स्पष्ट आहे, फास उघडा ठेवून यायचं नाही. फोटो घ्या, मग फास ओढून पूर्ण मिटवा, जमिनीलगत दाबून ठेवा आणि खाली आल्या आल्या कळवा. प्राणी जिवंत अडकलेला असेल तर मात्र लांब व्हा, आणि इतरांनाही लांब ठेवा. पाणी टाकणं, कापड टाकणं, व्हिडिओसाठी जवळ जाणं, काही नाही. गडबडीत त्याची भीती एवढी वाढते की भुलीचं इंजेक्शन नीट लागू पडत नाही, आणि डॉक्टर दुसरा डोस द्यायचा का या विचारात पडतात, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि तुमच्यात कोणाचं गॅरेज असेल, किंवा मेकॅनिकशी ओळख असेल, तर एवढं करा. काढलेली क्लचवायर, ब्रेकवायर अख्खी टाकून देऊ नका, कटरने वीतभर लांबीचे तुकडे करा आणि भंगारात टाका. भंगारवाला तुकडे पण वजनावरच घेतो. आमच्या सोसायटीजवळच्या दोन गॅरेजवाल्यांनी हे सुरू केलंय, एकाने तर बाकाला जुना कटर कायमचा बसवून घेतलाय, पोरगं वायर काढतं आणि तिथल्या तिथे तोडतं. पुढच्या महिन्यात वनरक्षकांबरोबर मुळशी साइडला आमची फेरी आहे, ज्यांना यायचंय त्यांनी जाड कातडी हातमोजे, फुल पँट आणि घोट्यापर्यंतचे बूट घालून या, नाव बाहेर टेबलावर लिहा, पंधरापेक्षा जास्त लोक घेत नाही.